सादेली कामाची शिवणपेटी

सुईदोरा ठेवावयास पत्र्याची डबीही पुरत असताना, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या अंमलाखालील मुंबईत आलेल्या मडमांनी त्यासाठी जडावाच्या पेट्या खरेदी कराव्यात, यात गरजेपेक्षा हौसेचा आणि हौसेपेक्षा दिमाखाचा भाग अधिक असावा, अशी माझी समजूत होती. मात्र एका संग्राहकाच्या घरी अशी पेटी निवांतपणे हाताळावयास मिळाली, तेव्हा आतल्या खणाखणांच्या तबकात, अंगुस्तान आणि सुयांची नळी यांच्या शेजारी, दोऱ्यास लावावयाची मेणाची वडी दिसली; तिच्या कडेवर दोरा ओढून ओढून खोल चऱ्या पडल्या होत्या. पेटीच्या मालकिणीने शिवण केले होते, आणि पुष्कळ केले होते.

बाहेरील अंगास चांदण्यांची नक्षी आहे: पांढरे त्रिकोण हस्तिदंताचे, काळे आबनुसाचे, तांबूस पतंगाच्या लाकडाचे, हिरवे रंगविलेल्या हस्तिदंताचे, आणि मधूनमधून कथलाच्या तारेचे ठिपके. हे इवले तुकडे एकेक करून बसविले असतील, असे कोणासही वाटेल. वस्तुतः कारागीर प्रत्येक जिन्नसाच्या लांब तिधारी काड्या कानशीने घासून सिद्ध करतो, त्यांना सरस लावून, नक्षीच्या क्रमाने जुळवून जुडी दोरीने आवळतो, आणि ती वाळली म्हणजे अळूवडीच्या वळकटीचे काप काढावेत तसे करवतीने तिचे आडवे पातळ काप काढतो. प्रत्येक कापावर तीच चांदणी आपोआप उमटलेली असते. काप लाकडावर चिकटवून घासणे आणि झिलई देणे हे त्यामानाने सोपे काम. खरी कसोटी काडीच्या कोनाची, कारण तेथे केसभर चूक झाली तर ती एका चांदणीत न राहता त्या जुडीच्या प्रत्येक कापात फट होऊन उतरते.

शिराझहून सिंधमार्गे सुरतेस आणि तेथून मुंबईस आलेली ही ‘सादेली’ जडावाची विद्या १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही मांडली गेली. विलायतेच्या हवेने मात्र तिचे नुकसान केले. लाकूड व हस्तिदंत ओलाव्याने फुगतात, शेकोटीच्या उष्णतेने आक्रसतात. कथील त्यांना दाद देत नाही, आणि मग सरस सुटून बारीक तुकडे गळतात. या पेटीच्या एका कोपऱ्यातील अशी रिकामी घरे कोणीतरी काळ्या लाखेने बुजविली आहेत. ती तशीच राहिली असती तर बरे झाले असते, कारण कापाची जाडी नेमकी किती होती, हे तेथेच डोळ्यांनी पाहता आले असते.