मिठानं खाल्लेली भांडी

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, जुनी मीठदाणी हाती आली की मी नक्षी नंतर पाहते. आधी आतून बोट फिरवते. खरखर लागली की भिंग काढायचं. तळाशी बारीक खड्डे आणि हिरवट थर दिसला, तर मिठानं चांदीचा मुलामा खाऊन खालच्या तांब्याला गाठलेलं असतं. बाहेर ‘ईपीएनएस’ अशी इंग्रजी अक्षरं असतील तर चांदी वरवरचीच. जुने कारागीर म्हणून आतून सोन्याचं पाणी देत, नाहीतर निळ्या काचेची वाटी बसवत. ती वाटी शाबूत असेल तर मी फार घासाघीस करत नाही.

सफाई नवी मुंबईतल्या बेलपाड्यात, घरी. चिंच-लिंबू अजिबात नाही. आधीच झिजलेला मुलामा त्यानं आणखी उघडा पडतो. शुद्ध पाण्यात भांडं बुडवायचं, पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, खड्ड्यांतला क्षार सावकाश सुटू द्यायचा, मग पूर्ण कोरडं करायचं. पावसाळ्यात मी हे काम काढत नाही. हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की शुद्ध मीठही पाणी धरतं, आणि खाडीच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या कितीतरी आधी.

हे इथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. आज बेलपाड्याला मेट्रोचं स्टेशन आहे. पण पनवेल-उरणच्या खाडीकाठी आगरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं राबवली. १९७० नंतर नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, त्यांत मिठागरंही होती. वाफ्यात पाणी आटताना आधी जिप्सम बसतं, मग मीठ. उरलेलं कडू पाणी वेळेवर सोडलं नाही, तर ते मीठ घरात पाझरत राहतं. अशा मिठाला धातू कशाला दाखवायचा? चिनीमातीची बरणी किंवा मडकं, वर लाकडी झाकण. माझ्या संग्रहात ओठ उडालेली एक बरणी आहे. चांदीच्या मीठदाण्यांइतकीच ती मला मोलाची वाटते, कारण तिच्यात मिठाचा स्वभाव ओळखलेला आहे.

युरोपात मीठदाणी मानाची वस्तू होती. चेल्लीनी या इटालियन सोनारानं १५४० ते १५४३ मध्ये फ्रान्सच्या राजासाठी सोन्याची घडवली. ती २००३ मध्ये व्हिएन्नाच्या संग्रहालयातून चोरीला गेली आणि २००६ मध्ये सापडली. इंग्लंडच्या जुन्या मेजवान्यांत मोठ्या मीठदाणीच्या वर कोण बसतो आणि खाली कोण, यावरून पायरी कळे. आपल्याकडे मीठ प्रत्येक पानावर वाढतात, अगदी सुरुवातीला. पण पानं कोणत्या पंगतीत मांडायची, हे जातीनं ठरत असे. तेव्हा मीठ सर्वांना सारखं मिळे म्हणून मी भारावून जात नाही.

१९११ मध्ये अमेरिकेत मॉर्टन कंपनीनं मिठात मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळलं. असं मीठ दमट हवेतही मोकळं राहू लागलं, भोकांची डबी सोयीची झाली आणि उघड्या मीठदाण्या मागे पडल्या. त्यांच्यासोबतचे हाडाचे, शिंपल्याचे चिमुकले चमचे आधी हरवले. मी सध्या त्यांच्याच शोधात आहे.