बोर्ड चार जोडले, तरी संगणक चारच

रास्पबेरी पायचे चार बोर्ड एकावर एक रचून स्विचला जोडले, की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आता हा चौपट फास्ट झाला का?" नाही झाला. ४ जीबीच्या चार बोर्डांची मिळून १६ जीबीची एक मेमरी होत नाही, आणि रोजचा ब्राउझर कणभरही लवकर उघडत नाही. प्रत्येक बोर्डाची मेमरी, कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम स्वतंत्रच राहते. शेजारच्या बोर्डावरची माहिती हवी असेल, तर नेटवर्कवरून निरोप पाठवून मागावी लागते. कामाचे तुकडे पाडणं, ते वाटणं, उत्तरं गोळा करणं हे सगळं आपणच प्रोग्रॅममध्ये लिहायचं. एमपीआयसारखी साधनं त्यासाठीच आहेत.

तुकडे पाडले तरी हिशेब सरळ भागाकाराचा नसतो. समजा, एका बोर्डावर काम दहा मिनिटांचं आहे आणि त्यातली दोन मिनिटं वाटून देताच येत नाहीत. उरलेली आठ मिनिटं चौघांत वाटली की दोन. एकूण चार मिनिटं. म्हणजे वेग वाढला तो अडीचपट. आठ बोर्ड लावले तर तीन मिनिटं. शंभर लावले तरी दोन मिनिटांच्या खाली जाणं नाही. जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेलं सूत्र ते हेच. निरोपांच्या ये-जा करण्यात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. पाय ३ बी प्लसवर गिगाबिट असं लिहिलेलं असतं, पण त्याचं इथरनेट आतून यूएसबी २ वर चालतं, म्हणून वेग ३०० मेगाबिटच्या आसपास अडतो. पाय ४ मध्ये ही अडचण राहिली नाही.

मग हे सगळं नुसतं खेळणंच, असं म्हणणारेही भेटतात. हा गैरसमज मला जास्त खटकतो. साउदॅम्प्टन विद्यापीठात सायमन कॉक्स यांच्या गटाने २०१२ मध्ये ६४ पाय लेगोच्या सांगाड्यात बसवून क्लस्टर, म्हणजे असा जोडलेल्या बोर्डांचा संच, उभा केला. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने २०१७ मध्ये ७५० बोर्डांचा क्लस्टर घेतला. महासंगणकाशी स्पर्धा हा त्याचा हेतू नव्हता. हजारो प्रोसेसरांवर चालायचं सॉफ्टवेअर महागड्या यंत्राला हात न लावता तपासता यावं, यासाठी तो होता. आणि पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये केलेला परम ८००० तरी काय होता? ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा एकमेकींशी जोडून, त्यांच्यात काम वाटूनच तो उभा राहिला.

घरी मात्र बहुतेकांना क्लस्टर नकोच असतो. एका आर्डुइनोने टाकीतली पातळी मोजावी आणि पायने ती नोंदवावी, एवढंच हवं असतं. इथला गैरसमज थेट बोर्ड जाळणारा आहे: पिना जुळल्या म्हणजे जोडणी झाली. आर्डुइनो उनोच्या पिनेवर ५ व्होल्ट येतात. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्यांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. म्हणून उनोच्या टीएक्समधून, म्हणजे माहिती पाठवणाऱ्या पिनेतून निघालेली तार १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पायच्या आरएक्सला, म्हणजे माहिती घेणाऱ्या १० नंबरच्या पिनेला न्यायची आणि त्याच पिनेवरून २ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावायचा. ५ चे ३.३ होतात. उलट दिशेला, पायच्या ८ नंबरच्या पिनेवरून उनोच्या आरएक्सला तार सरळ चालते.

दोन्ही बोर्डांना वेगवेगळे चार्जर असले, तरी ग्राउंड एकमेकांना जोडावंच लागतं. व्होल्टेज हे नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजलं जातं. तो संदर्भच समान नसेल तर एकाचा 'शून्य' दुसऱ्याला कळणार कसा? स्क्रीनवर भलतीसलती अक्षरं उमटली, की लोक प्रोग्रॅम खोदत बसतात. आधी ही ग्राउंडची तार बघावी, मग दोन्हीकडचा बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा ठरलेला वेग.

बोर्ड मध्येच गायब होतो, तेव्हा शिव्या वायफायला बसतात. बऱ्याचदा दोष विजेचा असतो. पाय ४ ला ५.१ व्होल्टचा, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. फोनचा जुना चार्जर आणि बारीक केबल तिथे पुरत नाही. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या आसपास घसरला, की पाय स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दाखवतो. बोर्डाला स्क्रीनच जोडलेला नसेल तर टर्मिनलमध्ये 'डीमेसग' चालवावं: व्होल्टेज कधी पडलं, त्याची नोंद तिथे सापडते.