नाताळ म्हणजे काय?

मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे आमच्या येळवशीला, मी दरवर्षीं नांदेडाहून लातुरास मुलाकडे जातों. २०२४ सालीं ही अमावास्या ३० डिसेंबरास, म्हणजे नाताळानंतर अवघ्या पांच दिवसांनीं आली. मी थोडा आधींच जाऊन राहिलों होतों. माझी नात इयत्ता पांचवींत आहे. तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण ख्रिस्ती आहे व दोघींचें मेतकूट असें जमलें आहे कीं एकीची पेन्सिल हटकून दुसरीच्या दप्तरांत सांपडते. नाताळाच्या आदल्या रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या नातीनें विचारलें, "आजोबा, नाताळ म्हणजे काय हो? सण मला ठाऊक आहे. शब्दाचा अर्थ विचारतें आहे."

मी कांहीं वेळ बोललों नाहीं. हा प्रश्न मला पूर्वीं एकदां विचारण्यांत आला होता. त्यास आतां तीस वर्षांवर काळ लोटला. एका तालुक्याच्या गांवीं मी संस्कृत व मराठी शिकवीत असें. वर्गांत एक ख्रिस्ती मुलगा होता. अबोल, अक्षर मोत्यासारखें. डिसेंबरच्या अखेरीस एके दिवशीं त्यानें एक पितळी डबा माझ्या मेजावर आणून ठेवला. आईनें करंज्या दिल्या आहेत, असें म्हणाला; आणि जातां जातां विचारलें, "गुरुजी, नाताळ म्हणजे काय?" मीं डबा न उघडतांच बाजूस सारला व म्हटलें, "तो इंग्रजी शब्द आहे. आपल्या भाषेंतला नव्हे." 'आपल्या' या शब्दावर मीं जो जोर दिला तो त्या मुलास बरोबर कळला. मधल्या सुटींत तो डबा परत घेऊन गेला. त्या उत्तरांतली एक चूक शब्दशास्त्राची होती. दुसरी कोणती, तें वाचकांस सांगावयास नको. पहिली तेवढी येथें दुरुस्त करितों.

नाताळ हा शब्द इंग्रजी नव्हे. इंग्रज त्या सणास ख्रिसमस म्हणतात. आपल्याकडे हा शब्द आणला पोर्तुगीजांनीं. १५१० सालीं त्यांनीं गोवें घेतलें, १५३४ सालीं वसई त्यांच्या हातीं आली, आणि पुढें दोनशें वर्षें उत्तर कोंकणांत त्यांचा अंमल राहिला. त्यांच्या भाषेंत या सणाचें नांव 'नाताल' असें आहे. शेवटच्या लकाराचा मराठीनें ळकार केला. पाव, साबण, चावी, पगार, कोबी, पाद्री हे शब्द याच वाटेनें आले. बटाटाहि त्यांच्याच गलबतांतून उतरला. तो एकादशीच्या फराळांत निःशंकपणें जाऊन बसला. नाताळ हा शब्द मात्र माझ्यासारख्यांच्या लेखीं परका राहिला!

या शब्दाची एक गंमत मुलांनीं नकाशा उघडून पाहावी. वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानाकडे येत असतां १४९७ च्या नाताळच्या सुमारास तो एका किनाऱ्याजवळून चालला होता. सणाची आठवण म्हणून त्यानें त्या किनाऱ्यास नाताळ हेंच नांव दिलें. पुढें मे १४९८ मध्यें तो कालिकतास पोहोंचला. गांधीजींनीं १८९४ सालीं ज्या प्रांताच्या नांवानें नाताळ इंडियन काँग्रेस स्थापिली, तो प्रांत हाच.

आतां शब्दाच्या मुळाकडे जाऊं. पोर्तुगीज ही लॅटिनची कन्या. लॅटिनमध्यें 'नातालिस' म्हणजे जन्मासंबंधींचा, जन्मदिवसाचा. 'नातुस' म्हणजे जन्मलेला; आणि या 'नातुस'चें जुनें रूप 'ग्नातुस' असें आहे. येथें संस्कृत शिकलेल्या मुलाचे कान टवकारले पाहिजेत. आपला 'जन्' धातु, त्यापासून 'जात' म्हणजे जन्मलेला. जातक, जातकर्म, जन्म हे सारे त्याच कुळांतले. लॅटिनचा तो लुप्त झालेला गकार आणि आपला जकार हे एकाच मूळ वर्णाचे दोन अवतार आहेत. म्हणजे नाताळ आणि जन्म हे शब्द सख्खे नसले तरी चुलत भावंडें निश्चित आहेत. जो शब्द मीं परका म्हणून झिडकारला, तो आमच्याच घराण्यांतला निघाला.

उलट ज्यांचा संबंध नाहीं असे शब्द दिसावयास जुळे दिसतात. 'ख्रिस्त' आणि 'कृष्ण' हे एकच, असें सांगणारे विद्वान् मला अनेक भेटले. दोघांचाहि जन्म मध्यरात्रीं साजरा होतो, हा त्यांचा आणखी एक पुरावा. परंतु 'ख्रिस्त' हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ अभिषिक्त, आणि 'कृष्ण' म्हणजे सांवळा. नादसाम्यावर नातीं जुळवूं लागल्यास कोल्हापुरांत कोल्हेच कोल्हे निघावे लागतील.

आमच्या या निजामी मुलखांत १९४८ पर्यंत दरबारची भाषा उर्दू. त्यामुळें माझे वडील नाताळास 'बडा दिन' म्हणत. लहानपणीं मला वाटे, त्या दिवशीं दिवस मोठा होत असावा. शिक्षक झाल्यावर मी या कल्पनेस हंसत असें. पण खोलांत गेल्यावर कळलें कीं पोरवयांतला तर्क अगदींच वायां गेला नव्हता.

येशूच्या जन्माची तिथि बायबलांत कोठेंहि दिलेली नाहीं. लूकच्या शुभवर्तमानांत गव्हाणींत निजविलेलें बाळ आहे, रात्रीं रानांत मेंढरें राखणारे धनगर आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानांत तारा आहे, पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष आहेत. पण दिवस नाहीं, मास नाहीं. पंचवीस डिसेंबर हा दिवस प्रथम आढळतो तो रोम येथील ३५४ सालच्या एका पंचांगवजा ग्रंथांत, आणि त्यांतील नोंद ३३६ च्या सुमाराची मानितात. त्याच ग्रंथांत त्याच तारखेस अजिंक्य सूर्याचा 'नातालिस', म्हणजे सूर्यजन्माचा उत्सवहि लिहिलेला आहे. कांहीं पंडित म्हणतात, सूर्याचा सण होता तोच ख्रिस्ताचा केला. दुसरे म्हणतात, २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस मानून तेथून नऊ महिने मोजले. माझ्या मतें गणित कोणत्याहि बाजूनें केलें असो, डोळे सूर्याकडेच होते. कारण रोमन लोक परंपरेनें २५ डिसेंबर हाच वर्षांतला सर्वांत लहान दिवस समजत. रोमांत तो जेमतेम नऊ तासांचा असतो. लातुरास तो अकरा तासांचा, म्हणून आम्हांला त्याची तितकीशी आंच लागत नाहीं. तेथून पुढें दिवस वाढूं लागतो. त्यालाच आपण उत्तरायण म्हणतों.

नातीनें येथें मला अडविलें. "उत्तरायण तर संक्रांतीला!"

तिचें म्हणणें शाळेच्या पुस्तकाप्रमाणें बरोबर, आकाशाप्रमाणें चूक. खरें उत्तरायण २१-२२ डिसेंबरास लागतें. इसवी सनाच्या २८५ च्या सुमारास मकरसंक्रांत आणि उत्तरायण एकाच दिवशीं येत असत. परंतु आपली संक्रांत ताऱ्यांवरून मोजली जाते, आणि अयनचलनामुळें ती सुमारें बहात्तर वर्षांत एक दिवस पुढें सरकते. सतराशें चाळीस वर्षांस बहात्तरांनीं भागावें, चोवीस येतात. बावीस डिसेंबरांत चोवीस दिवस मिळवा, संक्रांत आली. टिळक पंचांग मानणारीं घरें ती १० जानेवारीसच करितात, तो वाद निराळा. १९५७ पासूनच्या राष्ट्रीय सौर पंचांगांत मात्र पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबर हाच धरिला आहे.

नाताळहि असाच सरकला, पण दुसऱ्या कारणानें. जूलियस सीझरनें इसवी सनापूर्वीं ४५ पासून जें वर्ष चालविलें तें सूर्याच्या वर्षापेक्षां सुमारें अकरा मिनिटांनीं मोठें होतें. अकरा मिनिटें म्हणजे काय मोठेंसें, असें वाटेल; पण सव्वाशें वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. १५८२ पर्यंत चूक दहा दिवसांवर गेली. तेव्हां पोप ग्रेगरीनें ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं एकदम १५ ऑक्टोबर लिहावयास लाविलें. त्यानें सीझरच्या काळापर्यंतची चूक न काढतां ३२५ सालापर्यंतचीच काढिली, म्हणून नाताळ खऱ्या उत्तरायणानंतर तीनचार दिवसांनीं येतो. रशियांतील ख्रिस्ती लोकांच्या धर्मपीठानें ती दुरुस्ती मानिली नाहीं. त्यांचा नाताळ ७ जानेवारीस असतो. पंचांगाचे तंटे काय ते आपल्याच ब्राह्मणांत आहेत, अशी समजूत कोणीं करून घेऊं नये. सारांश, संक्रांत आणि नाताळ हे एकाच खुंटीस बांधलेले दोन सण. दोर मात्र निरनिराळ्या लांबीचे झाले.

दुसऱ्या दिवशीं नात मैत्रिणीच्या घरचा गोठा पाहून आली. गवताचें छप्पर, आंत गाय, गाढव, मेंढरें, मध्यें आई, बाप आणि गव्हाणींत बाळ. हा देखावा करण्याची चाल संत फ्रान्सिस याच्यामुळें रूढ झाली. त्यानें १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्यो या खेड्यांत खरे बैल व गाढव उभें करून, खरी गव्हाण मांडून नाताळ केला, कारण ज्यांस वाचतां येत नव्हतें त्यांस ती कथा डोळ्यांनीं दिसावी. आमच्याकडील मुलांस ही युक्ति समजावून सांगावी लागत नाहीं. येळवशीला शेतांत कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारितात, तींत चुन्यानें रंगविलेले पांच दगड पांडव म्हणून मांडितात, आणि भज्जी, उंडे व आंबील यांचा नैवेद्य दाखवितात, तें त्यांनीं दरवर्षीं पाहिलेलें असतें. येळवस हा तरी शब्द कोठला? सीमेपलीकडे कानडी मुलखांत या सणास 'एळ्ळ अमावास्या' म्हणतात. 'एळ्ळु' म्हणजे तीळ. शेजाऱ्याचा शब्द उंबरठा ओलांडून येतो तो असा.

ज्ञानी पुरुषांनीं बाळास तीन वस्तु आणिल्या. तीन वस्तु म्हणून माणसेंहि तीन, असें पुढें लोकांनीं ठरविलें. ग्रंथांत संख्या नाहीं. पहिलें सोनें. दुसरा ऊद, म्हणजे आपल्या सालईच्या धुपाचा आफ्रिका-अरबस्थानांतील भाऊबंद. तिसरा बोळ. हा हिराबोळ आमच्या आजीच्या औषधांच्या पेटींत असे व बाळंतिणीस देत असत. बाळंतघरीं जातांना सोनें, धूप आणि हिराबोळ न्यावा, हा त्या पाहुण्यांचा विचार आमच्या आजीस फार पसंत पडला असता.

झाडाची चाल जर्मनीकडील आहे व फार जुनी नाहीं. सोळाव्या शतकाच्या मागें तिचा स्पष्ट दाखला मिळत नाहीं. इंग्लंडांत ती व्हिक्टोरिया राणीच्या काळीं फोफावली. तांबड्या झग्याच्या नाताळबाबाचें मूळ संत निकोलस. हा चौथ्या शतकांत तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील मायरा येथें बिशप होता. एका गरिबाच्या तीन मुलींचीं लग्नें हुंड्यावांचून अडलीं असतां त्यानें रात्रीं गुपचूप खिडकींतून मोहरांच्या थैल्या टाकिल्या, अशी आख्यायिका आहे. हुंडा देणारा संत आपल्याकडेहि बऱ्याच बापांनीं पुजला असता! डच लोकांच्या तोंडीं त्याचें नांव 'सिंटरक्लास' झालें, अमेरिकेंत त्याचें 'सांताक्लॉज' झालें, आणि पुढें दुकानदारांनीं त्यास कामास लाविलें. त्याजविषयीं अधिक लिहीत नाहीं.

नाताळ मराठींत बोलूं लागला त्यासहि आतां चारशें वर्षें होऊन गेलीं. १५७९ सालीं गोव्यास आलेला थॉमस स्टीफन्स नांवाचा इंग्रज पाद्री आपली भाषा अशी शिकला कीं त्यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें. १६१६ सालीं तें रायतूर येथें छापिलें गेलें, तेंहि रोमन अक्षरांत. ज्ञानेश्वरी-भागवताच्या ओवींत त्या बाळाची कथा सांगावी असें एका परदेशी माणसास वाटलें, ही गोष्ट मीं त्या वर्गांत सांगावयास हवी होती. रे. ना. वा. टिळकांचें नांव तर या मासिकाच्या वाचकांच्या घरांत अपरिचित नाहीं. १८९५ सालीं त्यांनीं धर्म बदलला, पण अभंग सोडिला नाहीं. त्यांचीं भजनें मराठी देवळांत आजहि म्हटलीं जातात. लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचिलीं नसतील त्यांनीं आधीं तीं वाचावीं व मग सोंवळ्याओंवळ्याविषयीं बोलावें.

येळवशीच्या दिवशीं नातीनें मैत्रिणीस शेतावर बोलाविलें होतें. ज्वारीचीं कणसें भरूं लागलीं होतीं. ती मुलगी वांकून कोपींत पाहूं लागली, पांडव मोजले, आणि आमच्या सुनेनें वाढलेली भज्जी दोनदां मागून घेतली. आंबील मात्र तिला आंबट लागली. निघतांना तिनें पिशवींतून एक डबा काढिला. आईनें दिला आहे, म्हणाली. डबा स्टीलचा होता. सर्वजण आपापल्या कामांत होते. नात मात्र माझ्याकडे पाहत होती, कारण तीस वर्षांपूर्वींची ती हकीकत मीं तिला त्या रात्रीं सांगितली होती.

मीं डबा उघडिला. करंज्यांस मुरड सुरेख घातलेली होती, आणि सारणांत वेलदोडा किंचित् अधिक पडला होता.