मैलाटाकीचा व्हॉल्व निवडताना

चाकांवर फिरणाऱ्या मैलाटाकीच्या तळाशी एक तोंड असते आणि त्या तोंडावर एक व्हॉल्व. टाकी मोटरहोमची असो, रेल्वेच्या डब्याची असो की सेप्टिक टाक्या उपसणाऱ्या लॉरीची, व्हॉल्वचे काम तेच राहते. प्रवासभर एक थेंबही गळू द्यायचा नाही आणि उघडल्यावर पाणी, गाळ, कागद, केस असे आतले सगळे एका दमात बाहेर सोडायचे. ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात. झडप घट्ट बसायची तर तिला खाच आणि रबर लागते, आणि गाळ नेमका खाचेतच जाऊन बसतो. निवडीची सगळी अडचण एवढ्यात आहे.

चेन्नईच्या दक्षिणेकडचे तांबरम या विषयासाठी सोयीचे ठिकाण आहे. पाच नगरपालिका आणि पाच नगरपंचायती एकत्र करून 2021 मध्ये इथे महानगरपालिका झाली. वस्ती वाढत गेली, पण जमिनीखालची गटारे सगळीकडे पोचली नाहीत. जिथे ती नाहीत तिथली घरे सेप्टिक टाकीवर आणि ती उपसणाऱ्या लॉऱ्यांवर अवलंबून आहेत. तांबरम स्टेशनातून लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात आणि त्यांच्या डब्यांची देखभाल करणारा डेपोही इथेच आहे. चेन्नईहून जीएसटी (ग्रँड सदर्न ट्रंक) रोडने तिरुचिरापल्लीकडे निघालेली मोटरहोम तांबरमवरूनच जाते. गळलेले पाणी शेवटी कुठे पोचते, तेही इथे दिसते. सेंबाक्कम तलावात पावसाळी नाल्यांतून वर्षानुवर्षे सांडपाणी येत राहिले, आणि तलावाचे जादा पाणी पुढे पळ्ळिकरणैच्या पाणथळीत उतरते. ही पाणथळ 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली.

व्हॉल्व घेताना बहुतेकांचे लक्ष आधी दाबाच्या आकड्याकडे जाते. या कामात तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. मोटरहोमच्या टाकीत अर्धा मीटर उंच पाणी असले तर तळाशी दाब 0.05 बार येतो. लॉरीच्या दीड मीटर उंच टाकीतही तो 0.15 बारच्या आसपास असतो. साधा व्हॉल्वसुद्धा याच्या कित्येक पट दाब झेलतो. जास्त दाबाच्या व्हॉल्वसाठी पैसे मोजण्यापेक्षा ते मोकळ्या वाटेसाठी मोजावेत.

मोकळी वाट म्हणजे व्हॉल्व पूर्ण उघडल्यावर पाइपाच्या व्यासाइतकेच उरणारे भोक. परदेशी मोटरहोममध्ये शौचालयाच्या टाकीला 3 इंची आणि बेसिन-मोरीच्या टाकीला दीड इंची व्हॉल्व ठेवण्याची रीत आहे. व्यास दुप्पट झाला की वाट चौपट होते, म्हणून 150 लिटरची जी टाकी दीड इंची तोंडातून रिकामी व्हायला मिनिटभर किंवा जास्त लागते, ती 3 इंचीतून त्याच्या चौथाई वेळात होते. वेळ वाचतो हा फायदा दुय्यम. पाणी वेगाने सुटले की तळाचा गाळ सोबत ओढून नेते, हे खरे कारण. पाणी सावकाश सुटले की ते निघून जाते आणि गाळ मागे राहतो.

मोटरहोममध्ये सर्वांत जास्त दिसतो तो सरकत्या पात्याचा व्हॉल्व. दोन रबरी सीलच्या मधून एक पातळ पाते मागेपुढे सरकते, दांडा ओढला की वाट पूर्ण मोकळी. तो हलका आणि स्वस्त असतो, जागाही थोडी घेतो, आणि चार बोल्ट सोडले की पाइप न कापता बाहेर येतो. हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे, कारण या व्हॉल्वचे सील झिजणार हे ठरलेलेच असते. दुखणे एकच: पात्याच्या खाचेत वाळलेला गाळ किंवा कागद अडकला की पाते शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांत अडते. बाहेरून व्हॉल्व बंद दिसतो, आतून थेंब थेंब चालूच असते.

बॉल व्हॉल्व पाव फेऱ्यात उघडतो, दणकट असतो आणि पात्यापेक्षा घट्ट बसतो. मात्र तो ‘फुल बोअर’ असल्याची खात्री करून घ्यावी. स्वस्त बॉल व्हॉल्वमध्ये आतले भोक पाइपापेक्षा लहान असते. नळाच्या पाण्याला ते चालते, मैल्याला तिथेच बूच बसते. शिवाय गोळ्याच्या मागच्या पोकळीत थोडा मैला कायम कोंडून राहतो. महिनोन्महिने न हलवलेला बॉल व्हॉल्व म्हणूनच जाम होतो.

बाकीच्या प्रकारांत फार वेळ घालवण्याचे कारण नाही. बटरफ्लाय व्हॉल्वची चकती उघडल्यावरही प्रवाहाच्या मधोमध उभी राहते आणि चिंध्या, केस, प्लास्टिक तिला गुंडाळले जाते. ग्लोब व्हॉल्वमध्ये वाटच वाकडी असते. नळकामातला पितळी गेट व्हॉल्व या कामाला नको, कारण त्याच्या तळच्या खोबणीत रेती साचते आणि मैल्यातला अमोनिया व हायड्रोजन सल्फाइड पितळ खातात.

मैला उपसणाऱ्या लॉरीत आणखी एक अट येते. पंप टाकीतली हवा काढून घेतो आणि त्या ओढीने सेप्टिक टाकीतला गाळ नळीवाटे वर चढतो. रिकामे करताना बऱ्याच लॉऱ्यांत तोच पंप उलटा चालवून टाकीत हवा भरतात आणि गाळ बाहेर ढकलतात. म्हणजे मागचा व्हॉल्व दोन्ही बाजूंनी घट्ट हवा. एकाच दिशेने बसणारे सील भरताना बाहेरची हवा आत घेते. ओढ कमी पडते आणि पंप चालू असूनही टाकी भरत नाही. दोष पंपाचा मानून खर्च होतो आणि बिघाड असतो काही रुपयांच्या रबरात.

रेल्वेच्या डब्यांत पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण टाकीच नव्हती. सगळे रुळांवर पडायचे आणि ते साफ करणे माणसांच्या वाट्याला यायचे. डीआरडीओच्या साथीने रेल्वेने डब्यांखाली जैव-शौचालयाच्या टाक्या बसवल्या. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना जुलै 2016 मध्ये तमिळनाडूतला 114 किलोमीटरचा रामेश्वरम-मानामदुरै मार्ग देशातला पहिला हरित रेल्वेमार्ग म्हणून जाहीर झाला. या टाकीत जिवाणू मैला पचवतात, त्यामुळे ती दर फेरीला रिकामी करायची नसते आणि व्हॉल्व क्वचितच उघडला जातो. ही सोय वाटते, पण न हलणाऱ्या व्हॉल्वचीच काळजी जास्त घ्यावी लागते. त्यात प्रवासी बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, लंगोट भांड्यात टाकतात. जिवाणू ते पचवत नाहीत आणि भांडे तुंबते. पेरांबूरच्या आयसीएफ या डबे बनवणाऱ्या कारखान्यात 2018 मध्ये तयार झालेल्या पहिल्या वंदे भारतमध्ये विमानासारखी व्हॅक्युम शौचालये आली. त्यांना पाणी फार थोडे लागते, मात्र प्रत्येक भांड्याचा व्हॉल्व दिवसातून कितीतरी वेळा उघडमीट करतो आणि झिजतोही तितकाच.

प्रकार ठरला की व्हॉल्व कशाचा घ्यायचा ते बघावे. धातूंत स्टेनलेस स्टील उत्तम. समुद्राची खारी हवा लक्षात घेता चेन्नईकडे 304 पेक्षा 316 प्रतीचे अधिक टिकते. प्लास्टिकचे व्हॉल्व गंजत नाहीत, पण उन्हात ठिसूळ होतात. ते गाडीच्या सावलीत, पत्र्याच्या आडोशाला बसवावेत. रबराकडे मात्र कोणी बघत नाही. ईपीडीएम रबर सांडपाण्यात छान टिकते, तेल लागले की फुगते. स्वयंपाकघराच्या टाकीत तेलकट पाणी येते, तिथे नायट्राइल बरे. जाम झालेल्या दांड्याला ग्रीस, व्हॅसलीन नाहीतर खोबरेल लावायची सवय असते. ईपीडीएमच्या सीलचा त्याने घात होतो. दोन्ही रबरांना सिलिकॉन ग्रीस चालते.

आयात केलेला व्हॉल्व इथल्या पाइपाला जोडताना एक फसगत हमखास होते. अमेरिकी 3 इंची पाइपाचा बाहेरचा व्यास 88.9 मिलिमीटर असतो आणि आपल्याकडचा पीव्हीसी पाइप 90 मिलिमीटरचा. हाताला फरक जाणवत नाही. घासून, ठोकून जोड बसतो आणि खराब रस्त्यावर काही दिवसांतच सांधा सुटतो. त्यात व्हॉल्वची बॉडी एबीएस प्लास्टिकची आणि पाइप पीव्हीसीचा असेल तर नेहमीचे सोल्युशनही नीट धरत नाही. अशा ठिकाणी फ्लँज किंवा क्लिपांची रबरी बाही वापरावी. लॉरीवाल्यांकडे कॅमलॉकची, म्हणजे खटके दाबून नळी झटपट जोडायची, जोडणी असते. मोटरहोमच्या तोंडालाही तशी सोय ठेवली तर वाटेत कुठल्याही लॉरीत टाकी रिकामी करता येते. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण गाडी थांबवून टाकी रिकामी करण्याच्या जागा विरळच आहेत. मैलागाळावर प्रक्रिया करणारी केंद्रे वाई, सिन्नर अशा गावांत आहेत. वाईत तर 2018 पासून घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या वेळापत्रकाने उपसायचे काम सुरू झाले.

बसवताना पाइपाला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार हवा आणि व्हॉल्व टाकीला जितका जवळ तितका चांगला. पाते आडवे सरकेल असा दांडा बाजूला काढला तर रेती खाचेत कमी साचते. लांब केबल गंजून अडते, छोटा सरळ दांडा केव्हाही भला. विजेवर चालणारा व्हॉल्व घेतलाच तर हाताने उघडायची सोय त्यावर असलीच पाहिजे. गतिरोधकाला घासणार नाही इतकी उंची आणि पुढे लोखंडी पट्टी हवी. शौचालयाच्या टाकीच्या व्हॉल्वपुढे, अगदी टोकाला, दुसरा व्हॉल्व बसवावा. पहिल्यातून झिरपलेले पाणी टोपण काढताच अंगावर येत नाही आणि रस्त्यावरही सांडत नाही.

वापरात एक चूक सर्रास होते. गाडी एका जागी उभी असली की शौचालयाचा व्हॉल्व उघडा ठेवतात. पाणी वाहून जाते, घट्ट मैला मागे राहून ढीग होतो आणि वाळतो. व्हॉल्व बंद ठेवावा, टाकी दोन तृतीयांश भरू द्यावी, मग एकदम उघडावा. त्यानंतर बेसिनच्या टाकीचे पाणी सोडले की नळी आपोआप धुऊन निघते.

इतके करूनही कधीतरी व्हॉल्व अडतोच. तेव्हा टाकीत वरून पाणी भरून काही तास भिजू द्यावे, बाहेरच्या तोंडातून उलटी धार मारावी, नाहीतर वरच्या झाकणातून व्हॅक्युमने टाकी उपसून मग व्हॉल्व बदलावा. माणूस आत उतरवणे हा उपाय नव्हे. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत बेशुद्ध करतो. गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करण्यासाठी माणसाला संरक्षणाशिवाय आत उतरवणे 2013 च्या कायद्याने बंद केले आहे, आणि गटारातल्या मृत्यूंसाठी भरपाई 30 लाख रुपये करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला. लॉरीच्या टाकीतही वायू तोच असतो. म्हणून लॉरी घेताना टाकीचे झाकण मोठे आहे का, पाण्याची धार आत पोचते का आणि व्हॉल्व बाहेरून सुटतो का, हे व्हॉल्वच्या किमतीआधी बघावे, आणि सीलचा एक जादा जोड व्हॉल्वसोबतच विकत घ्यावा.