एकच राऊंड, तीन कोर्स

‘एकच राऊंड. कुठे खेळायचा ते तू ठरव,’ मॉरिशसला निघायच्या आधीच मामाने सांगून टाकलं होतं. वाढदिवसाचं गिफ्ट होतं ते. तिथल्या रिसॉर्ट कोर्सची फी बघितल्यावर ‘एकच’ का, हेही कळलं. मामाचा गुडघा दुखतो, त्यामुळे तो फक्त बग्गी चालवणार. मी चक्क एक्सेल शीट केली (हसा!) आणि शेवटी तीन नावं उरली.

पहिलं इल ओ सेर्फ. पूर्व किनाऱ्यासमोरचं हे छोटं बेट. कोर्सवर पोचायलाच बोट लागते. जर्मन गोल्फर बर्नहार्ड लांगरने डिझाइन केलेला हा कोर्स 2003 मध्ये सुरू झाला. इन्स्टावर निळ्याशार पाण्यात हिरवा तुकडा दिसतो ना, तो हाच. अठराच्या अठरा होल्सवरून समुद्र दिसतो. ऐकायला भारी, पण माझा ड्राइव्ह दहापैकी सहा वेळा उजवीकडे वळतो. म्हणजे सहा बॉल माशांना. काही होल्सवर तर पाणी ओलांडूनच मारायचं. त्यात आम्ही गेलो जुलैत. तेव्हा तिथे हिवाळा असतो, आणि भूगोलाच्या पुस्तकातले व्यापारी वारे आग्नेयेकडून येऊन पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतात. पेपरात दोन मार्कांसाठी लिहिलेलं उत्तर बोटीत टोपी उडाल्यावर नीट समजलं. शीटवर काट.

दुसरं तमारिना, पश्चिमेला. मधले डोंगर वारा आणि पाऊस दोन्ही अडवतात, त्यामुळे हा भाग कोरडा. पिवळसर गवत, काळे दगड आणि मागे रांपार डोंगराचं टोकदार शिखर. पोस्टकार्डवरचं मॉरिशस इथे नाही, म्हणूनच मला आवडलं. कोर्सच्या कडेने व्हिला. परदेशी लोकांना अशी घरं विकत घेता यावीत म्हणून तिथल्या सरकारने 2002 मध्ये खास योजना आणली. मामा व्हिलांच्या किमती विचारत बसला, मी ग्रीन बघत होते. तमारिना जवळजवळ फायनल होतं.

पण परतताना टॅक्सीवाल्या दादांनी कास्कावेल गावातून गाडी नेली. आम्ही मराठी बोलतोय हे त्यांनी ओळखलं होतं. डॅशबोर्डवर गणपती होता. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे त्यांनीच सांगितलं. त्यांचे पणजोबा मुंबईच्या बंदरातून ऊसमजूर म्हणून आलेले. गाव कोणतं, त्यांना माहीत नाही. घरात क्रिओल बोलतात, आरती मात्र पाठ. 1835 मध्ये गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना माणसं हवी होती, तेव्हा करारावर लाखो भारतीय या बेटावर आणले गेले. त्यात आपल्याकडचे हे लोक.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि मध्येमध्ये काळ्या दगडांचे मोठाले ढीग. मला वाटलं, काहीतरी प्राचीन असेल. ‘प्राचीन नाही, आजी,’ दादा म्हणाले. बेट ज्वालामुखीचं, जमिनीत दगडच दगड. ऊस लावायचा तर ते आधी वेचायचे. त्यांच्या आजीने वेचले होते.

तिसरं नाव होतं दक्षिणेचं बेल ओम्ब्र. ही साखरेची जुनी इस्टेट, मळेमालकाचा एकोणिसाव्या शतकातला वाडा अजून उभा आहे आणि कोर्सचं नावच ‘ल शातो’, म्हणजे वाडा. दक्षिण आफ्रिकेच्या पीटर मॅटकोविचने 2004 मध्ये तो केला. फेअरवे ऐसपैस. 2019 ची मॉरिशस ओपन इथेच रासमुस होयगार्ड या डॅनिश मुलाने जिंकली, वय 18! शेजारी 2023 चा नवा कोर्स आहे, ला रिझर्व्ह. तो डिझाइन करणाऱ्यांपैकी एक, लुई उस्टहेझन, त्याच वर्षी तिथलीच मॉरिशस ओपन जिंकला. पेपरही स्वतः काढायचा आणि पहिलाही स्वतःच यायचं!

दगडांचे ढीग बघितल्यावर त्या जमिनीवर खेळायचं की नाही, हा वेगळाच प्रश्न झाला. मी दादांना सरळ विचारलं, ‘तुम्हाला राग नाही येत?’ त्यांनी आरशातून बघितलं. त्यांचा एक भाऊ अशाच एका कोर्सवर गवत सांभाळतो. 2006 पासून युरोपने साखरेचा हमी भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवला, ऊस परवडेना. ‘ऊस तोडण्यापेक्षा गवत कापणं बरं,’ ते म्हणाले. थोडं थांबून, ‘पण आम्ही तिथे खेळत नाही.’

मी बेल ओम्ब्र घेतलं. शीटवर ‘कारण’ असा कॉलम होता, त्यात ‘रुंद फेअरवे’ लिहिलं. तेही खरंच होतं.

पहिल्या नऊ होल्सना चार बॉल गेले. दुसऱ्या नऊमध्ये एक शॉट काळ्या दगडावर आपटून चक्क ग्रीनजवळ आला, मामाने टाळ्या वाजवल्या. बॉलवर खरवडल्याची काळी रेघ उठली. पार 72 चा कोर्स, माझा स्कोअर 116.

पार्किंगमध्ये दादांनी स्कोअर विचारला. जास्त आकडा म्हणजे चांगलं, असं त्यांना वाटलं. ‘शंभरच्या वर? ब्राव्हो!’ मामा काही बोलणार होता, मी त्याला कोपर मारलं.