‘कोलेस्टेरॉलमुक्त’ तेलाचा भ्रम

खाद्यतेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक छापलेले असले की ते तेल हृदयाला निर्धोक, हा समज घरोघरी इतका पक्का बसला आहे की, त्याचे खंडन कितीदा केले तरी तो पुन्हा डोके वर काढतोच. वस्तुस्थिती अशी की, कोलेस्टेरॉल हे मुख्यत्वे प्राण्यांच्या पेशींत तयार होते, वनस्पतींत ते नगण्य असते. त्यामुळे शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांपैकी कोणतेही तेल कोलेस्टेरॉलमुक्तच असते. जे मुळात नव्हतेच, ते नसल्याची जाहिरात करणे ही निव्वळ हातचलाखी होय.

याच न्यायाने वनस्पती तूपही कोलेस्टेरॉलमुक्त ठरते! परंतु तेलाशी हायड्रोजनचा अर्धवट संयोग घडवून ते घट्ट करताना जी ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात, ती रक्तातील ‘वाईट’ म्हटले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतात आणि ‘चांगले’ म्हटले जाणारे एचडीएल घटवतात. म्हणूनच भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी 2022 पासून खाद्यतेले व वनस्पती तुपातील त्यांचे प्रमाण 2 टक्क्यांवर रोखले. पिशवी उलटून मागचा पोषणतक्ता पाहिला, तर कोलेस्टेरॉलच्या शून्याशेजारीच संपृक्त मेदाम्लांचा आकडा असतो आणि तोच वाचण्याजोगा असतो; खोबरेल तेलात तो 80 टक्क्यांच्या वर जातो.

मुळात कोलेस्टेरॉल हे विषही नव्हे. पाण्यात न विरघळणाऱ्या जैव पदार्थांच्या, म्हणजे लिपिडांच्या, कुळात ऊर्जा साठवणारी ट्रायग्लिसराइडे आणि पेशींचे पातळ पटल घडवणारी फॉस्फोलिपिडे येतात, तसेच स्टेरॉल गटातील कोलेस्टेरॉलही येते. ते पेशीपटलाचा घट्टपणा सांभाळते, पित्ताम्ले, ड जीवनसत्त्व आणि कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन यांसारखी संप्रेरके त्यापासूनच बनतात, आणि वजनाने शरीराच्या सुमारे 2 टक्के असलेल्या मेंदूत एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे पंचमांश साठा असतो.

हे कोलेस्टेरॉल बहुतांशी शरीर स्वतःच तयार करते. एका अंड्याच्या बलकात ते सुमारे 200 मिलिग्रॅम असले, तरी बहुतेकांच्या रक्तातील पातळीवर त्याचा परिणाम मर्यादित असतो. अमेरिकेच्या 2015 ते 2020 या काळासाठीच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून दिवसाला 300 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा वगळली गेली, मात्र मनसोक्त खाण्याची मुभा त्यातही नव्हती. एलडीएल हे कोलेस्टेरॉल रक्तातून वाहून नेणारे प्रथिनयुक्त कण असून, पेशी ते ज्या ग्राहींच्या साहाय्याने रक्तातून उचलतात, त्यांच्या शोधासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 चे नोबेल पारितोषिक मिळाले. संपृक्त मेदाम्लांच्या अतिरेकाने यकृतातील याच ग्राहींचे कार्य मंदावते आणि एलडीएल रक्तात साचत जाते. आहारातील खरा प्रश्न प्रामुख्याने हा आहे.

उरलेले समज थोडक्यात निकाली निघतात. ‘हलके’ तेल असे काही नसते. रिफाइंड असो वा घाण्याचे, प्रत्येक ग्रॅमला सुमारे 9 किलोकॅलरी मिळतातच. तेल-तूप पूर्ण बंद करणाऱ्यांनी हे जाणावे की, लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्ले शरीराला बनवता येत नाहीत (दुसऱ्याचा उत्तम स्रोत जवस असल्याने त्याची चटणी ताटात असलेली बरी) आणि अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे मेदाशिवाय नीट शोषली जात नाहीत. सडपातळ माणसाचे कोलेस्टेरॉल वाढत नाही, हे तर साफ खोटे आहे. एलडीएल ग्राहीच्या जनुकात आनुवंशिक दोष असल्यास काटकुळ्या तरुणाचेही ते धोक्याच्या पातळीवर असू शकते, आणि ते रक्ततपासणीवाचून कळत नाही.