सामाईक गुऱ्हाळ व पाळीचा हिशेब

कोल्हापूर व कराडकडील ज्या गांवीं गुऱ्हाळ भाड्यानें चालतें, तेथें चरक, काहील व चुलवण एकाचीं असतात. ऊंस व त्याचा गूळ ज्याचा त्याचा. साखर कारखान्यांत सर्वांचा ऊंस एकत्र मिसळतो व टनावर भाव मिळतो. गुऱ्हाळांत तसें नाहीं. ज्याचें आधण त्याचे रवे, आणि रंग व कण पाहून जो भाव येईल तो त्याचाच. म्हणून येथें भांडण मालावरून होत नाहीं, पाळीवरून होतें.

पाळी हा केवळ मानाचा प्रश्न आहे असें समजूं नये. तोडलेला ऊंस पडून राहिला म्हणजे वजनांत घटतो, हें तराजूवर दिसतें; परंतु त्याच वेळीं त्यांतील साखर अशा शर्करेंत पालटूं लागते, कीं जिचा कण धरत नाहीं. मग रस कितीही आटविला तरी रवा मऊ राहतो व पावसाळ्यांत पाझरतो. याकरितां चरकाची पाळी निश्चित झाल्यावांचून उंसास कोयता लावूं नये, आणि तोडलेला ऊंस २४ तासांचे आंत गाळावा.

पाळी बहुधा जो आधीं सांगेल, किंवा ज्याचें गांवांत वजन अधिक, त्यास मिळते. आमचे मतें पक्वता हाच निकष असावा. को ६७१ लवकर पक्व होतो, को ८६०३२ मागाहून. ब्रिक्स मोजण्याच्या हातयंत्रानें शेंड्याचा व बुडख्याचा रस तपासावा. दोन्ही आंकडे जवळजवळ आले म्हणजे ऊंस तयार झाला.

चिपाडाचा गुंता निराळाच आहे. ओलें चिपाड जळत नाहीं. त्यामुळें प्रत्येकाच्या काहिलीखालीं आधींच्या पाळीचें वाळलेलें चिपाड जळतें, आणि शेवटच्याचें शिल्लक राहतें. तें कोणाचें, हें हंगामाचे आरंभींच वहींत लिहावें. तोंडी करार फाल्गुनांत कोणास आठवत नाहीं, हें ज्यानें दप्तरांत आयुष्य घालविलें त्यास ठाऊक आहे.

भाडें आधणावर ठरविल्यास धन्याचें लक्ष आधणांच्या संख्येवर राहतें. तें गुळाच्या वजनावर ठरवावें, म्हणजे चरकाच्या लाटा सैल राहून रस चिपाडांत गेला तर त्या तोट्याची झळ त्यासही लागते. शिळ्या उंसाचें भाडें मात्र धन्यानें वाढवून मागितल्यास तें रास्त होय.

राहिली मोडतोड. शेजारच्या दोन गुऱ्हाळधन्यांनीं हंगामापूर्वींच ठरवून ठेवावें, कीं एकाचा चरक बंद पडल्यास त्याच्याकडे तोडून आलेला ऊंस दुसऱ्यानें त्याच दिवशीं आपल्या पाळींत घ्यावा, व त्याचें भाडें गाळणाऱ्यास मिळावें.